जुन्या इंजिनाचं ऑइल प्रेशर का पडतं, आणि कारण कसं शोधायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे. डिझेललाही यातलं बरंचसं लागू पडतं. तुमच्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातलाच आकडा धरा. इथले आकडे मॅन्युअल नसताना अंदाज यावा म्हणून दिले आहेत.

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला. आधी काय करू?

क्लच दाबा, गाडी कडेला घ्या आणि थांबल्याबरोबर इंजिन बंद करा. "गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेतो" हा विचार मनातून काढून टाका. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो केसाहूनही पातळ असतो. तो तुटला की शेलवरचा, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पातळ पट्टीवरचा, मऊ धातू काही सेकंदांत पुसला जाऊ शकतो. आणखी थोडं चाललं की शेल क्रँकला चिकटून आपल्या जागेत फिरते, आणि मग ऑइलच्या डब्यावर भागणारं काम पूर्ण इंजिन उतरवण्यावर जातं.

दहा मिनिटं थांबा, ऑइल खाली उतरू द्या, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल भरा. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण १ लिटरचं असतं. भरल्यावर इंजिन सुरू करा. दिवा पाच सेकंदांत विझला आणि आवाज नसेल तर ऑइल कुठे गेलं ते शोधत गाडी नेता येईल. पातळी बरोबर असूनही दिवा लागला असेल, तर गाडी टो करूनच न्या.

दिवा विझलेला आहे, म्हणजे प्रेशर ठीक आहे ना?

तसं धरून चालू नका. दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या, म्हणजे ४ ते ७ पीएसआयच्या आसपास जुळतो (बार आणि पीएसआय ही दोन्ही दाबाची मापं). ३,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) ३ बार हवे असताना प्रेशर १ बारवर आलं तरी दिवा विझलेलाच राहील. हा दिवा "थोडं कमी आहे" असं कधीच सांगत नाही. तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मग किती प्रेशर असायला हवं?

जुना हिशेब असा, की दर १,००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता) ०.७ ते १.५ बार आणि ३,००० आरपीएमला २.८ ते ४.२ बार मिळत असतील तर बहुतेक जुन्या इंजिनांना ते पुरेसं आहे. थंड असताना काटा ४ ते ५ बारला जाऊन थांबतो. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत सोडतो. थंड इंजिनाचा आकडा बघून खूश होऊ नका. थंड ऑइल जाड असतं आणि ते झिजलेल्या इंजिनालाही झाकून घेतं.

प्रेशर पंप तयार करतो. मग प्रेशर पडलं की पंपच बदलायचा ना?

सगळ्यात जास्त पैसे आणि श्रम याच समजुतीपायी वाया जातात. पंप फक्त ऑइल ढकलतो. त्या ऑइलला पुढे वाट अरुंद मिळते म्हणून प्रेशर उभं राहतं. ती अरुंद वाट म्हणजे बेअरिंगमधली फट. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं, अंगठा काढला की नुसतं वाहतं. नळ दोन्ही वेळा तेवढाच उघडा असतो.

फट वाढली की गळती किती वाढते हे समजून घ्या. फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. मेन बेअरिंगची (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ती) फट ०.०५ मिमीची ०.१० मिमी झाली, म्हणजे दुप्पट झाली, तर त्याच प्रेशरला त्यातून आठपट ऑइल निसटतं. नवा पंप ही भूक काही काळ भागवेल, आयडलिंगचा काटा थोडा वर येईल, पण झीज तशीच पुढे चालू राहील. पंप खराब होतो हे खरं, पण तो सतत ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि अनेक इंजिनांत बेअरिंग त्याच्या आधी संपतात.

गेज किंवा सेन्सर खोटं सांगतोय का, हे कसं ओळखू?

दिव्याची तार सोपी असते. चावी ऑन केली, इंजिन बंद आहे, तेव्हा दिवा लागायलाच हवा. इंजिन सुरू असताना दिवा जळत राहिला तर इंजिन बंद करा, चावी ऑन ठेवा आणि स्विचवरची तार काढा. दिवा विझला तर तार ठीक आहे. जळतच राहिला तर तार कुठेतरी सोलून बॉडीला अर्थ होते आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाणारी तार आधी बघा, तिथलं इन्सुलेशन भाजून निघतं. स्विचच्या टर्मिनलभोवती ऑइल पाझरलेलं दिसलं तर आतला पडदा फाटला आहे, स्विच बदला.

काट्याच्या गेजचा सेंडर, म्हणजे इंजिनावर बसवलेला प्रेशरचा सेन्सर, इंजिनाच्या धातूतूनच अर्थ घेतो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे मारले की अर्थ तुटतो आणि काटा मनाला येईल तसा फिरतो. नवा सेंडर आणताना त्याचा रोध गेजशी जुळतो का ते बघा. काही सेंडर शून्य प्रेशरला १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० ओहम दाखवतात, तर काही उलटे, शून्याला २४० आणि पूर्णला ३३. चुकीची जोडी लागली की चांगलं इंजिन आजारी दिसतं, किंवा आजारी इंजिन चांगलं.

या सगळ्यानंतरही निकाल मेकॅनिकल गेजवरच, म्हणजे ऑइलच्या दाबावर थेट चालणाऱ्या, विजेशिवायच्या गेजवरच लावायचा.

मेकॅनिकल गेज लावून कसं मोजायचं?

० ते ७ बारचा गेज आणि ऑइल सहन करणारा होज घ्या. सेंडर काढा आणि त्याचे आटे नीट ओळखा. जुन्या गाड्यांत १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे), १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पाइपचे आटे) आणि १० मिमी व्यासाचे १ मिमी पिचचे आटे हमखास भेटतात. पहिल्या दोघांत फसगत होते, कारण एकात इंचाला २७ आटे असतात आणि दुसऱ्यात २८. दोन-तीन फेरे सहज जातात, मग घट्ट वाटतं, आणि जोर लावला की ब्लॉकमधले आटे जातात. ॲडॉप्टर हातानेच बहुतेक आत जायला हवा.

होज पंख्यापासून, बेल्टपासून आणि एक्झॉस्टपासून दूर बांधा. इंजिन सुरू करून जोडातून गळत नाही ना ते बघा. आता गाडी १५ ते २० मिनिटं चालवा. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही. ऑइल पाण्याच्या मागून तापतं, आणि आपल्याला ते ८० ते ९० अंशांवर हवं. मग आयडलिंग, १,५००, २,००० आणि ३,००० आरपीएम, असे चार आकडे लिहून घ्या. सकाळी थंड इंजिन सुरू करताना काटा हलायला किती सेकंद लागले तेही लिहा. हे पाच आकडे हातात आल्याशिवाय एकही नट सोडू नका.

आकडे मिळाले. आता ते काय सांगतात?

प्रेशर केव्हा पडतं, यावरून दोषी कोण ते बरंचसं कळतं.

थंड असताना चांगलं, गरम झाल्यावर आयडलिंगला कमी, आणि रेस केल्यावर चढतं पण पूर्वीइतकं नाही : ही झिजलेल्या बेअरिंगची किंवा पातळ झालेल्या ऑइलची खूण. आधी ऑइल बदलून पुन्हा मोजा. तोच आकडा आला तर झीज.

थंड असतानाही कमी आणि गरम झाल्यावरही कमी : रिलीफ व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला आहे, पंप घासला आहे, किंवा पंपाची सक्शन नळी हवा ओढते आहे. थंड, जाड ऑइललाही प्रेशर पकडता येत नसेल तर दोष बहुधा बेअरिंगच्या आधीच्या भागात असतो.

२,००० पर्यंत ठीक, आणि ३,५०० च्या पुढे रेस वाढवली तर काटा उलट खाली येतो : पंपाला मागून ऑइल पुरत नाही. सक्शन नळीच्या तोंडावरची जाळी तुंबली आहे, पातळी कमी आहे, किंवा हेडमधून ऑइल परत येण्याची भोकं गाळाने बुजली आहेत आणि सगळं ऑइल वरच साठतं.

काटा थरथरतो : ऑइलमध्ये हवा आहे. सक्शन नळीचा ओ-रिंग किंवा गॅस्केट बघा. वरच्या खुणेपेक्षा खूप जास्त ऑइल भरलं तरी हे होतं, कारण क्रँकची वजनं ऑइलवर आपटून त्याचा फेस करतात, आणि फेसाने प्रेशर धरत नाही.

फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा चमकतो : ऑइल कमी आहे, एका बाजूला सरकलं की जाळी उघडी पडते.

एकाएकी शून्य : पंपाचा ड्राइव्ह शाफ्ट तुटला, सक्शन नळी गळून पडली, किंवा गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचा) प्लग निघाला. इंजिन पुन्हा सुरू करून बघण्याचा मोह टाळा.

ऑइलची पातळी बरोबर आहे, तरी ऑइलमध्येच दोष असू शकतो का?

हो, आणि हे बघायला एक पैसा लागत नाही. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा न भरता पातळी वाढलेली दिसली, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आहे. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा फाटलेला पडदा, अडकलेला चोक, कार्ब्युरेटरची न बसणारी सुई किंवा ठिबकणारा इंजेक्टर, यांपैकी काहीतरी सापडेल. वास तीव्र असेल तर इंजिन सुरूच करू नका, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्रात) पेट्रोलची वाफ असते. आधी गळती बंद करा, मग ऑइल आणि फिल्टर बदला. क्रम उलटा केला तर नवं ऑइलही वाया जाईल.

डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखा रंग असेल तर ऑइलमध्ये कूलंट आहे. नुसत्या झाकणाखाली थोडी पिवळट साय असेल तर ती छोट्या फेऱ्यांमुळे साठलेल्या दमटपणाचीही असू शकते, पण डिपस्टिकवर ती दिसली तर गाडी चालवू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंग फार लवकर खातं.

जाड ऑइल टाकलं तर प्रेशर वाढतं. तसंच चालवू का?

वाढतं हे खरं. १०० अंशांना ३० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये असते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ च्या मध्ये. म्हणून २०डब्ल्यू-५० साठी बनलेल्या इंजिनात कुणी ५डब्ल्यू-३० भरलं असेल तर काटा पडणारच. अशा वेळी मूळ ग्रेडवर परत जाणं हाच इलाज, त्याला तडजोड म्हणू नका.

पण मूळ ग्रेड भरूनही प्रेशर कमी असताना आणखी जाड ऑइल किंवा डबाबंद घट्ट करणारं रसायन ओतणं म्हणजे काटा वर करणं, इंजिन बरं करणं नव्हे. थंड सुरुवातीला ते जाड ऑइल कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोहोचतं, आणि झीज सर्वात जास्त तेव्हाच होते. काम ठरलेलं आहे, तोवर काही आठवडे शांतपणे गाडी वापरायची आहे, एवढ्यापुरतं ठीक.

फिल्टरमुळे प्रेशर पडतं का?

क्वचित. तुंबलेल्या फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं, त्यामुळे काटा फारसा हलत नाही. मात्र सकाळी दिवा चार-पाच सेकंद जळत राहत असेल तर फिल्टरमधला ऑइल मागे न जाऊ देणारा रबरी पडदा गेला असेल. चांगल्या बनावटीचा फिल्टर लावून बघा.

जुना फिल्टर फेकू मात्र नका. फिल्टर कटरने कापा, कारण करवतीचा कीस आत पडून दिशाभूल करतो. कागदाची घडी उलगडून उन्हात धरा. तांबूस चमकणारे कण दिसले तर शेलचा वरचा थर संपून आतला तांब्याचा थर उघडा पडला आहे. करडे, मऊ, नखाने दाबले जाणारे तुकडे हा शेलचा वरचा थर. लोहचुंबकाला चिकटणारे कण कॅम, टॅपेट, चेन किंवा पंपाच्या गिअरकडून येतात. चार-दोन बारीक कण जुन्या इंजिनात चालतात. कागद चमचमत असेल तर गेजची वाट बघू नका.

रिलीफ व्हॉल्व्ह कसा तपासायचा?

बऱ्याच इंजिनांत तो ब्लॉकच्या बाहेरून, एका मोठ्या षटकोनी प्लगमागे असतो. तिथे असेल तर चेंबर उतरवण्याआधी तो बघा. प्लग सोडताना आतली स्प्रिंग ढकलत असते, प्लगवर हात धरून ठेवा. प्लंजर स्वतःच्या वजनाने सरकत बाहेर यायला हवा. अडकत असेल तर त्यावर उभे ओरखडे किंवा बसण्याच्या जागी कचरा सापडेल. इथे वाळूच्या कणाएवढा तुकडा अडकला तरी प्रेशर अर्ध्यावर येतं. प्लंजर धुवा, बारीक ओरखडे अगदी बारीक एमरीने तेल लावून काढा, स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडा. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर "वाढवू" नका. त्याने फक्त वरची मर्यादा सरकते. गरम आयडलिंगला व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे तिथे काडीचा फरक पडत नाही, आणि थंड इंजिनात फिल्टर फुगून फुटायची भीती वाढते.

चेंबर उतरवल्यावर काय काय बघू?

पुसण्याआधी बघा. चेंबरच्या तळाशी जे पडलं आहे ते इंजिनाने लिहून ठेवलेलं आहे : टायमिंग चेनच्या गाइडचे प्लास्टिकचे तुकडे, व्हॉल्व्ह सीलचे कडक झालेले रबराचे कण, काळा गाळ. सर्वात संताप आणणारी गोष्ट म्हणजे सिलिकॉन सीलंटच्या अळ्या. गॅस्केटला सढळ हाताने लावलेलं सीलंट आतल्या बाजूला फुगतं, तुटतं आणि थेट जाळीवर जाऊन बसतं.

जाळी उजेडासमोर धरा. सक्शन नळीचा जोड, त्याचा ओ-रिंग, नळीला चीर, हे सगळं बघा. चेंबरचा तळ बाहेरून चेपला आहे का, हेही बघा. जाळी आणि तळ यांच्यात साधारण ६ ते १० मिमी जागा लागते. दगडावर आपटून तळ वर आला की जाळीचं तोंड दाबलं जातं, आणि बाकी सगळं नवं घातलं तरी जास्त रेसला प्रेशर पडतच राहतं.

पंप उघडा. गिअरच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ०.०५ ते ०.१० मिमी चांगलं, ०.१५ च्या पुढे गेलं तर पंप थकला. झाकणावर गिअरने कोरलेल्या गोल खाचा दिसल्या तर झाकण सपाट काचेवर एमरी ठेवून घासून घेता येतं. पंपाचं घर आतून कोरलं गेलं असेल तर मात्र पूर्ण पंप बदला.

बेअरिंगची फट घरी मोजता येते का?

येते, प्लास्टिगेजने. ही मेणासारखी बारीक दोरी असते, हिरवी ०.०२५ ते ०.०७६ मिमी मोजते. बेअरिंगची कॅप (खालचं झाकण) काढा, जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि शेल कोरडे पुसा, दोरी जर्नलच्या लांबीला समांतर ठेवा, कॅप मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. क्रँक तसूभरही फिरवू नका. कॅप काढून चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या मापाशी लावा. रुंद पट्टी म्हणजे फट कमी, अरुंद म्हणजे जास्त. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असेल तर जर्नल निमुळता झिजला आहे.

इंजिन गाडीतच असताना मेन बेअरिंग मोजण्यात एक फसवणूक आहे. क्रँक स्वतःच्या वजनाने खालच्या शेलवर बसलेला असतो, त्यामुळे दोरी जास्त दबते आणि फट खरीपेक्षा कमी दिसते. शेजारच्या वजनाखाली छोटा जॅक देऊन क्रँक वर टेकवा, मग मोजा.

५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमीच्या आसपास फट योग्य, ०.१० म्हणजे काम काढा. जर्नलवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर नुसते नवे शेल घालून उपयोग नाही, क्रँक ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइझ (बारीक झालेल्या जर्नलला बसणाऱ्या जाड) शेल लागतील. प्रत्येक कॅप आपल्याच जागी, आपल्याच दिशेने परत गेली पाहिजे. काढण्याआधी खूण करा.

आवाजावरून काही कळतं का?

बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचा) ठोका २,००० ते ३,००० च्या दरम्यान ॲक्सिलरेटर सोडताना स्पष्ट येतो, आणि त्या सिलिंडरचा स्पार्क बंद केला की मऊ पडतो. मेनचा आवाज खोल, दणका दिल्यासारखा, चढावर ओढताना. वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची. ठोका ऐकू आला तर आणखी चाचण्यांसाठी इंजिन चालवू नका, चेंबर उतरवा.

इंजिन फ्लश वापरू का?

गाळाने भरलेल्या जुन्या इंजिनात नको. सुटलेला गाळ जाळीवरच जाऊन बसतो.

ओव्हरहॉलिंग झालं, नवे शेल, नवा पंप, तरी प्रेशर नाही. आता?

ग्राइंडिंगनंतर गॅलरी साफ करण्यासाठी काढलेला एखादा प्लग परत बसवायचा राहिला का, हे सर्वात आधी. मग शेलची भोकं ब्लॉकच्या भोकांवर आली आहेत का. काही इंजिनांत वरची आणि खालची शेल वेगळी असते, अदलाबदल झाली की ऑइलची वाटच बंद. कॅमची बुशं आणि रॉकर शाफ्ट जुनेच ठेवले असतील तर वरच्या भागातूनही बरंच ऑइल निसटतं. ओव्हरहॉलिंगमध्ये या दोन गोष्टींकडे फार दुर्लक्ष होतं.

नवा किंवा उघडलेला पंप बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन कसं सुरू करायचं?

कोरडा पंप ऑइल ओढत नाही. झाकण लावण्याआधी गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरा, साधं ग्रीस नको, ते लवकर विरघळत नाही. फिल्टर उभा लागत असेल तर ऑइलने भरून लावा. मेकॅनिकल गेज जोडलेलाच ठेवा. सगळे स्पार्क प्लग काढा, कॉइलची तार सोडा, इंजेक्शनची गाडी असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूजही काढा. आता स्टार्टर १० ते १५ सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर दाब येत नाही. काटा उठला की प्लग लावून इंजिन सुरू करा. दहा सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद करा आणि सक्शनचा जोड पुन्हा बघा.

पहिली २० मिनिटं गाडी चालवून झाली की तेच चार आकडे पुन्हा मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी तारीख घालून लिहा. ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, तो फिल्टरही कापून बघा, आणि मेकॅनिकल गेज काढण्याआधी शेवटचं एकदा गरम आयडलिंग मोजून घ्या.